दम लागते म्हणजे नेमकं काय होते?

(ग्रामसंघाच्या मासिक सभेतलं बोलणं)

आज हप्त्याचं काही बोलणार नाही, मागच्या रांगेतल्यांनीही आरामात बसा.

आत्ता आपण बसल्या जागी मिनिटभर श्वास मोजले. छाती एकदा वर-खाली झाली की एक. बहुतेकींचे १२ ते २० च्या मधात आले. मग बोरिंगवरून भरलेला गुंड आणला आणि आल्याबरोबर परत मोजले. कोणाचे ३०, कोणाचे त्याच्याही वर गेले.

बसून असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत जाते. मिनिटाला सहा ते आठ लिटर धरा. काम सुरू झालं की शरीर आधी श्वास खोल करते, अर्ध्याचा एक लिटर, दीड लिटर. आपल्याला पत्ताही लागत नाही. ओझं वाढलं, चढ आला, की खोली आणखी वाढायला जागा उरत नाही, मग श्वास भराभर चालतो. फार जड कामात ४० च्या आसपास श्वास आणि पन्नास-साठ लिटर हवा लागते. स्नायू काम करतात तेव्हा रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो बाहेर टाकायला मेंदू छातीला घाई करतो. म्हणजे कामात दम लागला तर लाजायचं काही नाही.

काम किती जड, हे ओळखायला यंत्र नको. रोवणी करता करता गाणं म्हणता येते, तर हलकं. बोलता येते पण गाणं जमत नाही, तर मध्यम. दोन-तीन शब्दांवर थांबावं लागते, तर जड.

सरावाने फुप्फुसं मोठी होतात का, असं एका ताईने विचारलं. मोठ्या माणसाची फारशी होत नाहीत. हृदय आणि स्नायू तयार होतात, म्हणून तेच काम कमी श्वासांत निभते. २०१८ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टवर पोहोचली, मनीषा धुर्वे त्यातलीच. तिथल्या हवेतून एका श्वासात इथल्यापेक्षा जेमतेम एक-तृतीयांश ऑक्सिजन मिळतो. पाठीवर नळकांडी असली तरी सरावाशिवाय ते होत नाही.

पण सराव असूनही दम लागत असेल तर? आपल्या एका गटातल्या काकू, जन्मभर तेंदूपत्ता तोडलेल्या. मागच्या हंगामात फळीवर पुडे नेताना तीन ठिकाणी बसायच्या. घरचे म्हणाले, वय झालं. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. सोशल वर्क शिकून काय उपयोग! आशाताईने रक्त तपासायला नेलं तर हिमोग्लोबिन ७. बाईचं १२ च्या खाली गेलं तर रक्त कमी समजतात. फुप्फुसं हवा भरपूर घेतात, पण ऑक्सिजन वाहून न्यायला रक्तात गाड्याच कमी. मग शरीर श्वास वाढवते, हृदय धडधडते.

म्हणून मागच्या वर्षी सहज होणाऱ्या कामात यंदा धाप लागत असेल, किंवा बसल्यावर पाच-दहा मिनिटांतही श्वास खाली येत नसेल, तर उपकेंद्रात जा. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. आपल्या भागात तो आजार आहे, आणि त्यात लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या. सिकलसेलवाल्यांनी उन्हात दम निघेपर्यंत काम करू नये, पाणी सोबत ठेवावं. गोळी चहासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालते. आणि नुसतं बसून दम लागला, छातीत दुखलं, पायावर सूज आली, तर सभेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

काकूंचा इलाज सुरू आहे. परवा बोरिंगच्या वाटेवर भेटल्या. अजून एकदा थांबतात, तीनदा नाही.