उत्सव सर्वांचा व्हावा
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला, कळस चढला, ही सर्वांच्या आनंदाची गोष्ट आहे. आता उत्सवाला पटांगणात मांडव पडेल, कीर्तने होतील, महाप्रसादाच्या पंगती बसतील. परंतु या पटांगणापर्यंत पोहोचू न शकणारी माणसेही प्रत्येक गावात असतात. कोणाचा पाय अधू, कोणाची दृष्टी गेलेली, कोणाचे गुडघे वयाने थकलेले. घरची माणसे त्यांना उचलून आणतात. दर्शन घडते, पण परतण्याची वेळ दुसऱ्याच्या सवडीवर राहते. म्हणून पुष्कळजण घरी बसून घंटानाद ऐकण्यातच समाधान मानतात.

अशा वेळी नुसत्या सहानुभूतीपेक्षा विचारपूर्वक घडविलेली वस्तू अधिक उपयोगी पडते. जयपूरचे उदाहरण पाहावे. 1968 च्या सुमारास तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा कृत्रिम पाय तयार केला. त्यापूर्वीचा परदेशी धर्तीचा पाय बुटात घालून चालण्यासाठी होता. बूट घालून देवळात कसे शिरावे? चिखलात कसे उतरावे? पंगतीत मांडी कशी घालावी? जयपूरच्या पायाने अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, मांडीही घालता येते. घडविणाऱ्यांनी आधी माणसाची राहणी पाहिली, मग वस्तू केली. डॉ. सेठी यांना 1981 साली मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले.

जपानमध्ये सेइची मियाके यांनी 1965 साली अंध व्यक्तींसाठी उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या. 1967 साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या प्रथम बसविल्या गेल्या. पावलाला उंचवटा लागला की वाट समजते.

हाच विचार उत्सवाच्या पटांगणातही करता येईल. पायऱ्यांच्या बाजूला उतरण, म्हणजे रॅम्प, करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी. दोन फुटांच्या ओट्याला चोवीस फूट लागतात. जागा वाचविण्यासाठी उतरण आखूड केली, तर चाकाची खुर्ची वर चढत नाही आणि उतरताना आवरत नाही. दोन्ही बाजूंना हाताला धरायला कठडा असावा. मऊ मातीत खुर्चीची पुढची लहान चाके रुततात; तेथे उत्सवापुरत्या फळ्या जोडून अंथराव्यात. प्रवेशापासून सभामंडपापर्यंत काथ्याची अरुंद पट्टी घट्ट बसवावी, म्हणजे अनवाणी पावलाला दिशा कळेल. पंगतीत काही बाके ठेवावीत. तात्पुरत्या शौचालयांपैकी एक तरी रुंद दाराचे आणि उंबरा नसलेले असावे. हे सर्व गावच्या सुताराला व गवंड्याला जमण्याजोगे आहे. मात्र काम सुरू करण्यापूर्वी ज्यांच्यासाठी ते करावयाचे, त्यांना बोलावून विचारावे आणि काम झाल्यावर त्यांच्याकडूनच तपासून घ्यावे.

कळसासाठी देणगी देणारे पुढे येतात, कारण कळस दुरून दिसतो. उतरण कोणाच्या नजरेत भरत नाही. पण तिच्यावरून एखादी आजी कोणाच्या खांद्याचा आधार न घेता वर येईल, मनासारखा वेळ कीर्तनाला बसेल आणि आपल्या सवडीने घरी जाईल. त्या दिवशी जीर्णोद्धाराचे कार्य खऱ्या अर्थाने पूर्ण होईल. ती बुद्धी व बळ सर्वांना लाभो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.