टोल्यातील बळ येते कोठून?

(हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला येथे पालक व शिक्षकांपुढे एका क्रीडाशिक्षकाने केलेले भाषण)



मघाशी एका पालकांनी मला विचारले, "गुरुजी, पोराच्या टोल्यात जोर नाही. त्याला जड बॅट घेऊन देऊ का?" माझे आजचे भाषण म्हणजे या प्रश्नाचे उत्तर होय.

बेसबॉल परदेशातून आला, तरी त्यातील टोला आपल्याला परका नाही. विटीदांडूत विटी दूर धाडणारा गडी नेहमीच सर्वांत दांडगा असतो असे नाही. त्याचा दांडू वेगाने फिरतो. शास्त्रही हेच सांगते. बॅटचे वजन दुप्पट केले तर तिच्यातील गतिज ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये गोलंदाज व फलंदाज यांच्यात ६० फूट ६ इंचांचे अंतर असते. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. जड बॅट तेथे वेळेवर पोहोचतच नाही.

हा वेग केवळ दंडातून येत नाही. कुऱ्हाडीने लाकूड फोडणारा माणूस पाहा. त्याचे पाय जमिनीत रोवलेले असतात आणि सारे शरीर घावामागे उभे असते. टोल्यातही प्रथम पुढचा पाय टेकतो, मग कंबर वळते, त्यामागून खांदे आणि सर्वांत शेवटी हात येतात. हा क्रम बिघडला की बळ वाटेतच सांडते.

म्हणून प्रथम खुंटावर ठेवलेला चेंडू मारण्याचा सराव द्यावा. मोजकेच टोले, पण प्रत्येक टोला लक्षपूर्वक. जोडीला उड्या, चढावरील धावणे, बैठका आणि हलके मुद्गल असावेत. अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली होती. हा वारसा आपल्या वऱ्हाडचा आहे. नव्या खेळासाठीही त्याचा उपयोग करावा.

एक चूक मात्र कबूल केली पाहिजे. पूर्वी मी एका चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती जड बॅट दिली. तो दुखणे लपवीत राहिला आणि मी त्याला जिद्द समजलो. त्याचा खांदा दुखावला व सारा हंगाम वाया गेला. वाढत्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. दुखू लागताच खेळ थांबवावा व डॉक्टरांना दाखवावे. डोक्यावर शिरस्त्राण असल्याशिवाय फलंदाजीस उभे करू नये. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाणे, दूध आणि पुरेशी झोप यांना कोणतीही महागडी बॅट पर्याय ठरणार नाही.

तेव्हा जड बॅटीची घाई नको. मुलाला, आणि तितक्याच अगत्याने मुलीलाही, वेळ द्या. टोला आपोआप लांब जाईल. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.