जुन्या नौकेची निगा



भालकी तालुक्यातील खटकचिंचोळीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा गावी शिडाच्या नौकेविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न साहजिक आहे. परंतु लाकूड, लोखंड आणि दोर यांची पारख शेतकऱ्याइतकी क्वचितच कोणाला असते. आणि जुनी नौका म्हणजे मुख्यतः याच वस्तूंची रचना होय.

अशीच एक नौका मुंबईत सागवानी लाकडाची बांधण्यात आली. हिंदी कारागिरांनी घडविलेली ही ३२ फुटी नौका १९६४ च्या अखेरीस पाण्यात उतरली. तिचे नाव ‘सुहेली’. १४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे तिच्यातून एकटेच इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तेथेच परतले. एकट्याने न थांबता केलेली ही जगातील पहिली प्रदक्षिणा होय. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. ती पूर्ण केली ती एकट्या ‘सुहेली’ने.

हे यश केवळ धाडसाचे नव्हते. प्रवासाच्या आरंभीच नौकेच्या तळाशी सांध्यातून पाणी झिरपू लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात बुडी मारून त्या फटीत कापूस ठोकून भरला व वरून तांब्याची पट्टी बसविली. वेळीच केलेल्या त्या लहानशा दुरुस्तीने पुढील सारा प्रवास तारून नेला.

थंड देशांत हिवाळाभर नौका किनाऱ्यावर ठेवतात आणि वसंताच्या आरंभी त्यांची डागडुजी करतात. आपल्या कोकणात क्रम निराळा. तेथे पावसाळ्यापूर्वी नौका वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात नेतात. कामे मात्र सर्वत्र सारखीच. प्रथम तळाला चिकटलेले शेवाळ व शिंपले खरवडून काढावयाचे. मग टोकदार हत्याराने लाकूड टोचून पाहावयाचे. जेथे टोक सहज रुतते तेथे लाकूड कुजले असे समजावे. सांध्यांतील जुना कापूस काढून नवा भरावा, गंजलेले खिळे बदलावेत, सुकाणू तपासावे, शिडाची उसवलेली शिवण घालावी, झिजलेला दोर टाकून द्यावा. रंगाचा क्रम शेवटी. कुजक्या लाकडावर रंग चढविणे म्हणजे दोष झाकणे होय.

‘सुहेली’च्या कथेतील खरा बोध याहून पुढचा आहे. कीर्ती मिळाल्यावर ती ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवण्यात आली. तेथे ती सुरक्षित होती. परंतु कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. अखेर २००२ मध्ये तिला बाहेर काढावे लागले. बैलगाडीचे चाक उन्हात सुकले की धाव ढिली पडते आणि शेतकरी ते पाण्यात बुडवून ठेवतो, हा अनुभव येथे कोणास नवा नाही. नौकेचेही तसेच. बराच काळ कोरडी राहिलेली नौका पाण्यात घातली की प्रथम पाणी आत शिरते. ते उपसत राहावे लागते. हळूहळू फळ्या फुगतात आणि सांधे मिटतात. नॉक्स-जॉन्स्टन यांनी ‘सुहेली’ची पुन्हा दुरुस्ती केली आणि २०१८ मध्ये, प्रस्थानाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ती फाल्मथच्या पाण्यात शिडे उभारून दाखल झाली.

ही परंपरा भारतातही पुढे आली आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये, थांबे घेत, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांना नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन लाभले होते. पुढे अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

जुन्या नौकेचा आनंद ती जपून ठेवण्यात नसून ती वाऱ्यावर चालविण्यात आहे, आणि तो आनंद निगा राखणाऱ्यालाच लाभतो. गावातील अवजारे, शाळेच्या कपाटातील उपकरणे, ग्रंथालयातील पुस्तके यांनाही हाच न्याय लागू आहे. कुलुपात ठेवलेली वस्तू जपली गेली असे आपण मानतो. प्रत्यक्षात ती आतून सुकत असते. चैत्र लागण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या ताब्यातील अशी एक तरी जुनी वस्तू बाहेर काढावी, तपासावी, दुरुस्त करावी आणि पुन्हा कामास लावावी.