वसतिगृहातील श्रद्धा
(भाषणाचा मजकूर)



म्हैसूरच्या संत फिलोमिना महामंदिराचे दोन मनोरे सुमारे पावणेदोनशे फूट उंच आहेत. दुरूनही ते नजरेत भरतात. या वास्तूची पायाभरणी १९३३ साली नाल्वडी कृष्णराज वडेयर महाराजांनी केली. हिंदू राजाने कॅथलिक प्रजेच्या मंदिराचा पाया घालावा, हे त्या संस्थानाच्या रीतीला धरूनच होते. परंतु ज्या संतेच्या नावाने हे मंदिर ओळखले जाते, तिची मूर्ती पाहायची तर पायऱ्या उतरून तळघरात जावे लागते.

मराठी शाळेतून दहावी-बारावी होऊन म्हैसूरसारख्या विद्यानगरीत शिकावयास गेलेला कॅथलिक विद्यार्थी कधी ना कधी या पायऱ्या उतरतो. गावी त्याची श्रद्धा घराने सांभाळलेली असते. संध्याकाळी आजी हाक मारते, सारे गुडघे टेकतात, रोझरी सुरू होते. वसतिगृहात हाक मारणारे कोणी नसते. खोलीतला सोबती दुसऱ्या धर्माचा, कदाचित कोणताच न मानणारा. वर्गात प्रत्येक विधानाला पुरावा मागण्याची शिस्त. आणि मग हाच विद्यार्थी संत फिलोमिनेचा इतिहास वाचू लागतो.

१८०२ साली रोममधील प्रिसिलाच्या भूमिगत दफनभूमीत एका कोवळ्या मुलीच्या अस्थी सापडल्या. कबरीवरील फरश्यांच्या अक्षरांवरून तिचे नाव जुळविण्यात आले. तिचे सविस्तर चरित्र मात्र पुढे भाविकांना झालेल्या साक्षात्कारांतून आले. त्याला इतिहासाचा आधार नाही. १९६१ मध्ये रोमने तिचा सण उपासनेच्या दिनदर्शिकेतून वगळला.

अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला हे वाचून धक्का बसतो. आजीने सांगितले ते खोटे, तर बाकीचे तरी खरे कशावरून? अनेकांची श्रद्धा याच वळणावर गळून पडते, आणि ती गळून पडली हे घरी कित्येक वर्षे कळतही नाही. सुट्टीत आल्यावर मुलगा मुकाट्याने मिस्साला येत राहतो.

येथे एक गोष्ट त्या मुलाच्या ध्यानी कोणी आणून द्यावयास हवी. दिनदर्शिकेतील तो सण धर्माच्या एखाद्या शत्रूने पुसलेला नाही, ख्रिस्तसभेनेच पुसला. लोकप्रिय भक्तीपेक्षा सत्याचा मान मोठा, असे तिने आपल्याच बाबतीत मानले. म्हैसूरचे मंदिर त्यामुळे ओस पडले नाही; तळघरात आजही लोक येतात आणि आपली दुःखे सांगतात. त्या कबरीत एका मुलीच्या अस्थी होत्या, तिच्यासाठी कोणी शांती मागितली होती, एवढे तर त्या फरश्यांवर लिहिलेलेच आहे. कथा आणि श्रद्धेचा गाभा यांतील भेद करावयास शिकणे, हे पदवीच्या अभ्यासाइतकेच कष्टाचे काम आहे. ते विद्यार्थ्याने टाळू नये. पालकांनी तर त्याला भिऊच नये.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील थोमाची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, असे तो म्हणाला. उपदेशांत त्याची अश्रद्धा रंगवून सांगितली जाते. पण त्यानंतरच्या आठवड्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा एकत्र होते आणि थोमा त्यांच्यात होता. कोणी त्याला घालवून दिले नव्हते, आणि तोही निघून गेला नव्हता. घरातील मुलाने शंका बोलून दाखवली की रागावणाऱ्या, रडणाऱ्या किंवा घाईघाईने धर्मगुरूंना बोलावणाऱ्या पालकांनी ते आठ दिवस आठवावेत.

शंकेपेक्षाही कठीण प्रश्न महत्त्वाकांक्षेचा. ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत, ते संत फ्रान्सिस झेवियर हेही एके काळी वसतिगृहातील विद्यार्थीच होते. पॅरिसच्या सेंट बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर हा त्यांच्या खोलीचा भागीदार. १५२९ मध्ये त्याच खोलीत अडतिशीचा, लंगडत चालणारा एक जुना सैनिक राहावयास आला : इग्नेशियस लोयोला. खानदानी, खेळात तरबेज, पद आणि प्रतिष्ठा यांची स्वप्ने पाहणाऱ्या फ्रान्सिसला हा प्रौढ विद्यार्थी प्रथम मुळीच रुचला नाही. सारे जग मिळवून आत्मा गमावला तर काय लाभ, हा शुभवर्तमानातील प्रश्न इग्नेशियस त्याला पुन्हा पुन्हा विचारीत असे, असे चरित्रकार सांगतात. उत्तर यावयास काही वर्षे लागली.

पुढे १५४४ च्या जानेवारीत झेवियर यांनी भारतातून रोममधील सहकाऱ्यांना पत्र लिहिले. युरोपातील विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसला जाऊन वेड्यासारखे ओरडत फिरावे आणि विद्या पुष्कळ पण तिचा उपयोग करण्याची इच्छा थोडी अशा लोकांना जागे करावे, अशी ऊर्मी त्यांनी त्यात व्यक्त केली. देवाने दिलेल्या देणग्यांचा हिशेब द्यावा लागेल, याचे भान शिकताना असावे, हे त्यांचे म्हणणे. म्हैसूरच्या प्रयोगशाळेतून थेट मोठ्या पगाराच्या नोकरीकडे पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ते झोंबेल. पगार घेणे हे पाप नव्हे. पण विद्या कोणाच्या कामी येणार, हा प्रश्न विचारलाच न जाणे घातक.

त्याचे एक उत्तर याच भूमीवर सापडते. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर आबे द्युब्वा हे फ्रेंच धर्मगुरू म्हैसूर प्रांती आले. त्यांच्या ग्रंथातील हिंदू चालीरीतींविषयीची पुष्कळ मते आज पटणार नाहीत, आणि ती पटवून घेण्याचे कारणही नाही. परंतु देवीच्या साथीने माणसे मरत असताना, जेनरची लस अगदी नवी असताना, त्यांनी या प्रांतात लसीकरणाचा हिरिरीने प्रसार केला. त्या काळचे नवे विज्ञान आणि जुनी श्रद्धा एकाच माणसाच्या हातून काम करीत होती.

रोजच्या जीवनात मात्र एवढे मोठे प्रसंग येत नाहीत. तेथे प्रश्न असतात ते दुसऱ्याची जर्नल उतरवण्याचे, मित्राची खोटी हजेरी लावण्याचे, मोबाइलवर पैसे लावून खेळण्याचे, नव्या मुलाच्या छळाकडे पाठ फिरवण्याचे. त्यासाठी इग्नेशियसने सांगितलेली आत्मपरीक्षणाची रीत उपयोगी पडते. रात्री दहा मिनिटे फोन दूर ठेवावा. दिवसभरात मिळालेल्याबद्दल आभार मानावेत, घडलेला दिवस तासागणिक डोळ्यांपुढून जाऊ द्यावा, चुकले ते चुकले म्हणावे, क्षमा मागावी, उद्याचे एखादे काम ठरवावे. खोलीतल्या सोबत्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चूक गंभीर असेल तर पापनिवेदनाचा संस्कार आहेच. आणि ज्याची हजेरी खोटी लावली त्याच्या शिक्षकांपुढे उभे राहणेही आहे, जे बहुधा अधिक जड जाते.

म्हैसूरच्या महामंदिरात मिस्सा कन्नड, इंग्रजी, तमिळ भाषांतून होते. मराठी मुलाला पहिल्या रविवारी गायनात सूर मिळत नाही, प्रतिसाद ठाऊक नसतात. इतरांबरोबर उठावे-बसावे एवढेच. प्रभूची प्रार्थना सुरू होते तेव्हा शेजारचे म्हातारे गृहस्थ ती कन्नडमध्ये मोठ्याने म्हणतात, आणि मुलाचे ओठ मराठीत हलू लागतात. दोघांचा शेवटचा शब्द मात्र एकाच वेळी येतो : आमेन.