दुकानातले यंत्र घरात आणताना

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. मांसाचे पातळ काप करणारे, दुकानात वापरून जुने झालेले विजेचे यंत्र घरच्या स्वयंपाकघरासाठी विकत घ्यावे की न घ्यावे, हा तो विषय. शाकाहारी श्रोत्यांनी एवढ्यावरून रेडिओ बंद करू नये. हेच यंत्र पाव कापते, चीज कापते, कोबीही चिरते. आणि जुने यंत्र पारखण्याच्या ज्या खुणा मी सांगणार आहे, त्यांतील बऱ्याच इतर यंत्रांनाही लागू पडतात.

हा प्रश्न प्रामुख्याने अमेरिका आणि कॅनडा या देशांतील. तेथे एखादे उपाहारगृह बंद पडले, की त्याचे सामान लिलावात निघते. नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत लखलखीत पात्याचे एक भरभक्कम यंत्र समोर येते. शिजविलेल्या हॅमचा अख्खा तुकडा घ्यावा आणि घरीच हवे तेवढे काप काढावेत, असा काटकसरीचा विचार मनात येतो. तेथे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हा मोह पडू शकतो, आणि परत येताना घरसामानाबरोबर असे यंत्र इकडे आणावे असेही कोणास वाटू शकते.

या यंत्राचा जन्म हॉलंडमधील रॉटरडॅम शहरी झाला. विल्हेल्म व्हान बर्कल नावाच्या एका खाटकाने ते 1898 साली तयार केले. सुरीने एकसारखे पातळ काप काढणे हे कष्टाचे आणि वेळखाऊ काम. बर्कलने आतल्या बाजूस किंचित खोलगट असलेले गोल पाते फिरते ठेवले आणि मांस एका सरकत्या पाटावर ठेवून त्या पात्याकडे नेले. आपल्या घरच्या विळीचे तत्त्व आठवले, तर हे लगेच ध्यानात येते. विळीचे पाते जागेवरच असते. आपण भाजी त्याच्यावर नेतो. बर्कलच्या यंत्रातही पदार्थच पात्याकडे जातो. फरक इतकाच, की विळी आपल्या हाताच्या वेगाने कापते, आणि विजेच्या यंत्रातील पाते हाताची पर्वा करीत नाही.

आता पारख कशी करावी ते पाहू. पहिली गोष्ट पात्याची. धार लावता लावता पाते झिजते आणि त्याचा व्यास कमी होतो. पात्याभोवती जे संरक्षक कडे असते, त्याच्यात आणि धारेत किती फट पडली आहे, हे पाहावे. ती पाच-सहा मिलिमीटरपर्यंत गेली असेल, तर पाते संपले असे समजावे आणि नव्या पात्याची किंमत यंत्राच्या किमतीत मिळवावी. दुसरी गोष्ट जाडी ठरविणाऱ्या फळीची. जाडीची चकती शून्यावर आणली, की धार त्या फळीच्या आडोशाला गेली पाहिजे. तशी जात नसेल, तर यंत्र बंद असतानाही ते पुसणाऱ्याच्या हाताला धोका आहे. तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष काप काढून पाहावा. काप वरच्या बाजूस जाड आणि खालच्या बाजूस पातळ येत असेल, तर फळी किंवा पाट कोठे तरी वाकलेला आहे. यंत्र बंद केल्यावर पाते हळूहळू थांबत असताना कान देऊन ऐकावे; खरखर ऐकू आली तर बेअरिंगची शंका घ्यावी. यंत्रावरील पाटी शाबूत आहे काय आणि त्या नमुन्याचे सुटे भाग अजून मिळतात काय, याची चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी.

विजेची बाब स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. दुकानातील काही यंत्रे तीन फेजच्या विजेवर चालतात. सामान्य घरात ती वीज नसते. अमेरिकेतील घरगुती वीज सुमारे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, तर आपल्याकडील 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरविता येते, हर्ट्झ बदलत नाहीत. त्यामुळे तिकडची मोटर येथे सुमारे पाच-षष्ठांश वेगाने फिरते आणि अधिक तापण्याचा संभव असतो. शिवाय वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. ही सोय अनेक जुन्या यंत्रांत नसते, आणि जेथे वीज वारंवार जाते तेथे तिचे महत्त्व सांगावयास नको.

यंत्र येथवर पसंतीस उतरले, तरी सर्वांत मोठा प्रश्न पुढेच आहे, आणि तो स्वच्छतेचा. 2008 साली कॅनडात टोरांटो येथील एका मोठ्या कारखान्यातून निघालेल्या तयार मांसाच्या कापांतून लिस्टेरिया नावाच्या जंतूचा फैलाव झाला आणि वीसहून अधिक माणसे दगावली. तेथील यंत्रे रोज धुतली जात होती. तरीही काप करणाऱ्या यंत्रांच्या आत खोलवर मांसाचे अंश साचलेले आढळले. हा जंतू शीतकपाटाच्या थंडाव्यातही वाढतो. आणि हॅमसारखा पदार्थ कापल्यावर पुन्हा न शिजविताच खाल्ला जात असल्यामुळे त्याला अटकाव होत नाही. गरोदर स्त्रिया, नवजात अर्भके आणि वृद्ध यांना तो विशेष घातक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श नियमावलीप्रमाणे असे यंत्र सतत वापरात असेल, तर दर चार तासांनी तरी ते धुतले गेले पाहिजे. घरीही प्रत्येक वापरानंतर वीज तोडून, सुटणारे सर्व भाग सोडवून, ते साबणाने धुऊन, निर्जंतुक करून कोरडे करावे लागतात. कच्चे मांस कापल्यावर न धुता शिजविलेले मांस त्यावर कदापि ठेवू नये. ज्या जुन्या यंत्राच्या अॅल्युमिनियमच्या अंगावर खड्डे पडले आहेत, ते कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे; कारण त्या खड्ड्यांपर्यंत घासणी पोहोचत नाही. सरकत्या दांड्यांना घरातील गोडेतेल घालू नये, ते चिकट होते. खाद्ययंत्रांसाठी मिळणारे खनिज तेलच वापरावे.

आणि शेवटी बोटांचा प्रश्न. अमेरिकेच्या कामगार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला नोकरीत हे यंत्र चालविण्यास मनाई आहे. चालविणेच काय, ते धुण्यासही मनाई आहे. घराच्या उंबरठ्याच्या आत हा कायदा येत नाही. म्हणूनच तो आपण स्वतः पाळावयाचा असतो. पदार्थ नेहमी त्याच्या दाबणीनेच पुढे ढकलावा. कळ बंद केल्यावरही पाते काही क्षण फिरत राहते, हे विसरू नये. धुताना जाळीचे सुरक्षित हातमोजे घालावेत. यंत्राचे वजन पुष्कळदा तीस-चाळीस किलो असते. तेव्हा ते रोज उचलून ठेवता येणार नाही, त्याला कायमची जागा हवी, आणि ती मुलांच्या हाताबाहेरची हवी.

मग घ्यावे की नाही? ज्या घरी आठवड्यातून दोन-तीन वेळा पुष्कळ काप लागतात, जागा आहे, आणि प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास धुण्यास देणारा माणूस आहे, त्या घराने अवश्य घ्यावे. चांगल्या बनावटीचे जुने यंत्र नीट राखले तर दीर्घकाळ साथ देते. महिन्यातून एकदा हौस भागविणाऱ्याने घरगुती वापराचे लहान यंत्र घ्यावे, किंवा एक चांगली सुरी घेऊन हात बसवावा. दुकानात या यंत्रामागे शिकविलेला हात असतो, धुण्याची ठराविक वेळ असते आणि देखरेख करणारा मालक असतो. लिलावात यापैकी काहीच मिळत नाही. ते सारे घरच्या माणसांनाच पुरवावे लागते. किमतीच्या शेजारी हाही आकडा मांडून मगच बोली लावावी.