पाद्री स्टीफन्स आणि घराघरांत राहिलेला ग्रंथ
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात लोणंद येथे दिलेले व्याख्यान)



ज्ञातीच्या मेळाव्यात ज्ञातीतील थोर पुरुषांचे गुणगान व्हावे, हा शिरस्ता आहे व तो योग्यच आहे. आज मात्र ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे ते गृहस्थ ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या धर्माचे, ना या देशाचे. ते एक कॅथलिक पाद्री होते. आपला त्यांच्याशी संबंध आहे तो एकाच धाग्याचा, मायमराठीचा. ज्या गावी दरवर्षी नीरेचे स्नान आटोपून ज्ञानोबा माउलींची पालखी मुक्कामास येते, त्या लोणंदकरांना हा धागा किती बळकट असतो हे मी सांगावयास नको.

त्यांचे नाव थॉमस स्टीफन्स. इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. त्या काळी एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक पंथाच्या माणसास उघडपणे धर्माचरण करणे कठीण होते. धर्मगुरू होणे तर जिवावरचे काम. म्हणून हा तरुण देश सोडून रोमला गेला आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून गलबतात बसून तो त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचला. या प्रवासाचे वर्णन करणारे, वडिलांस लिहिलेले त्याचे पत्र पुढे इंग्लंडात छापले गेले. त्यानंतर स्वदेशाचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांनी देह ठेवला.

या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी राजधानीच्या वैभवात न घालविता साष्टी प्रांताच्या खेड्यापाड्यांत घालविला. मडगाव, राशोल या बाजूच्या चर्चमधून लोकांना धर्म शिकवावा, आजाऱ्याच्या उशाशी बसावे, मुलांकडून पाठ म्हणवून घ्यावा, असा त्यांचा नित्यक्रम. गोवेकर त्यांस पाद्री एस्तेवांव म्हणत. १५८३ मध्ये राल्फ फिच आदी इंग्रज व्यापारी हेरगिरीच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडविण्याच्या कामी पाद्रीबोवांनी साह्य केले. हे व्यापारी त्यांच्या पंथाचे नव्हते. तरीही अडलेल्या माणसास हात देताना त्यांनी पंथ पाहिला नाही.

आता एक शंका आपल्या मनात आली असेल, व ती रास्त आहे. ज्या राजवटीने १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली, जुन्या पोथ्या वाचण्यास बंदी केली, त्या राजवटीच्या छत्राखाली आलेल्या पाद्रीचे गुण आपण का गावे? हा इतिहास झाकून ठेवण्याचे कारण नाही. १५८३ च्या जुलै महिन्यात कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना व त्यांच्या सोबत्यांना ठार मारले. त्यांचे मृतदेह परत मिळवून आणण्याचे दुःखद काम ज्यांच्या वाट्यास आले ते हेच स्टीफन्स. पुढे त्याच कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून, चौकशीवाचून पोर्तुगीजांनी मारले. दोन्हीकडे रक्त सांडले. अशा काळात मनुष्याची पारख त्याच्या पक्षावरून करावी, की हाती आलेल्या कामाचे त्याने काय केले यावरून? माझ्या अल्पमतीप्रमाणे दुसरी कसोटी अधिक खरी आहे.

तर पाद्रीबोवांनी काय केले? ते शिकावयास बसले. सत्ताधीशांच्या पंक्तीतील माणसाने रयतेला आपली भाषा शिकविणे सोपे असते. रयतेची भाषा स्वतः शिकणे अवघड. त्यासाठी नम्रता लागते. मुलाने हसून उच्चार सुधारला तरी राग येऊन चालत नाही. त्यांनी कोकणी आत्मसात केली, मराठीचा अभ्यास केला. १५८३ मध्ये आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात, इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असे त्यांनी नमूद केले. हीच गोष्ट सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास विद्वानांपुढे मांडली ती १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. कोकणी भाषेचे व्याकरणही स्टीफन्स यांनी रचले. ते त्यांच्या पश्चात १६४० मध्ये छापले गेले.

त्यांच्या ग्रंथाच्या आरंभी एक मार्मिक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण गृहस्थ पाद्रीस विचारतो की, आमची जुनी पुराणे आपण बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न साधा, पण केवढा खोल! मनुष्याचा धर्म पालटला तरी सायंकाळी चार माणसांत बसून ओवी ऐकण्याची त्याची भूक पालटत नाही. पाद्रीबोवांनी ही भूक ओळखली आणि तिला उत्तर म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ रचले. दोन भाग, पहिल्यात ३६ व दुसऱ्यात ५९ अवस्वर म्हणजे अध्याय, आणि एकंदर १०,९६२ ओव्या. संत एकनाथ १५९९ मध्ये पैठणास समाधिस्थ झाले. त्यांच्या हयातीतच हा परदेशी मनुष्य साष्टीत मराठी ओवीचे वळण गिरवीत होता. त्यांच्या पुराणात स्वर्ग हा ‘वैकुंठ’ होऊन आला आहे, आणि मराठी भाषेची त्यांनी केलेली स्तुती तर आजही आपल्या शाळकरी मुलांच्या कानी पडते.

ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे छापला गेला. नागरी अक्षरांचे खिळे पाडून घेण्याची परवानगी त्यांनी १६०८ मध्ये रोमला पत्र लिहून मागितली होती. पण तो योग आला नाही व मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. इतकेच नव्हे, तर १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी.

छापील प्रती गेल्या, राजाश्रय गेला, भाषेवरच गदा आली. मग पुराण वाचले कसे? बंधूंनो, ते घरांनी वाचविले. साष्टी, बारदेश सोडून दक्षिणेस कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित नकला जपल्या, उपवासकाळात त्या मोठ्याने वाचल्या, मुलांकडून नव्या नकला करविल्या. अशाच नकला ताडून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला. लंडनमधील मार्सडेन यांच्या संग्रहात नागरी लिपीतील एक प्रत निघाली. पुण्यात शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये नागरीत आवृत्ती काढली, आणि स्टीफन्स ज्या अक्षरांसाठी झुरले त्या अक्षरांत त्यांचे पुराण मराठी वाचकांच्या हाती आले. गोव्यात पर्वरी येथील कोकणी संशोधनसंस्था आज त्यांचेच नाव चालविते.

या चरित्रातून आपल्या मंडळाने काय घ्यावे? मोठा वारसा किल्ल्यात किंवा दरबारात टिकतोच असे नाही. तो माजघरातल्या फडताळात, लाल कापडात बांधलेल्या पोथीत टिकतो, आणि तेथेच वाळवीच्या तोंडीही पडतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी मोडीतील कागद, वंशावळी, आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या असतील. घर पाडून नवे बांधताना असे कागद रद्दीत जातात आणि आजीबरोबर ओव्या जातात. मंगळूरकडच्या त्या साध्या कुटुंबांजवळ धन नव्हते, सत्ता नव्हती. हाताने नक्कल करण्याची चिकाटी मात्र होती. आज तर नक्कल करण्यास बोरूही लागत नाही. खिशातल्या फोनने पानाचे छायाचित्र निघते. माझी विनंती एवढीच, की पुढील मेळाव्यापूर्वी प्रत्येक घराने आपले एक जुने पान किंवा एक ओवी उतरवून मंडळाकडे द्यावी.

आणि मुलांविषयी एक शब्द. ती इंग्रजी शिकोत, जगभर जावोत. त्यात वाईट काही नाही. परंतु एका इंग्रजाने ज्या भाषेसाठी चाळीस वर्षे वेचली, ती भाषा आपल्या नातवंडांना परकी वाटू लागली तर दोष कोणाचा, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावा.