गाडी कोणाच्या नावावर आहे?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील भाषण)



घरातला कर्ता माणूस गेला की सातबाऱ्यावर वारस लावायचे, हे आता आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. पण दारातल्या मोटारसायकलीचं काय? ती दीर चालवतो, नाहीतर पोरगा कॉलेजला घेऊन जातो. आरसी बुक कपाटात, आणि त्यावर नाव गेलेल्या माणसाचं. सातबाऱ्याच्या फेरफारानं गाडी नावावर होत नाही बरं का. तिचं ऑफिस वेगळं, आरटीओचं.

नियम असा आहे. मालक वारल्यापासून ३० दिवसांच्या आत आरटीओला लेखी कळवायचं, की मालक अमुक तारखेला वारले आणि गाडी आता मी वापरणार आहे. तसं कळवलं की मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने गाडी वापरता येते. नावावर करायचा अर्जही त्याच तीन महिन्यांत द्यायचा. आता आपल्याकडं तेरावं होईस्तोवर बाई उंबरा ओलांडत नाही, काही घरांत तर महिना-महिना. तीस दिवस तिथंच संपतात. म्हणून गटातली मैत्रीण अशा दुःखात असेल तर भेटायला जाताना कागद-पेन न्या. चार ओळी तुम्ही लिहा, तिची सही घ्या, ऑफिसात देऊन पोच आणा. मुदत गेली तरी अर्ज करता येतो, पण दंड बसू शकतो.

अर्जाचा नंबर लक्षात ठेवा: फॉर्म ३१. फॉर्म २९ आणि ३० हे जिवंत माणसानं गाडी विकली तर लागतात. काही एजंट म्हणतात, “कशाला वारसाची भानगड, तीस नंबरवर त्यांची सही मारून टाकू.” मेलेल्या माणसाची सही मारणं हा गुन्हा आहे. आणि कोऱ्या फॉर्मवर तुम्हीही सही करू नका, मागणारा घरचा असला तरी.

सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विम्याचा कागद, आधार, आणि बाकीच्या वारसांचं संमतीपत्र लागतं. वारस कोण? हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलगे, मुली आणि गेलेल्या माणसाची आई, सगळ्यांना सारखा हक्क. सासूबाई हयात असतील तर त्यांची संमती हवी, लग्न होऊन गेलेल्या लेकीचीही हवी. यातलं कोणी असेल तर दिराचा किंवा सासऱ्यांचा त्या गाडीवर हक्क येत नाही. हे भांडायला सांगत नाही, माहीत असावं म्हणून सांगते. मुस्लिम भगिनींच्या घरी वाटणीचे नियम वेगळे आहेत.

ट्रॅक्टर असेल तर दोन गोष्टी जास्त. ट्रॉलीचा नंबर वेगळा, म्हणून तिचा अर्जही वेगळा. आणि कर्ज बाकी असेल तर बँकेची किंवा फायनान्सवाल्याची संमती लागते. तिथं गेल्यावर एक विचाराच: कर्जासोबत जीवन विमा काढला होता का? काढला असेल तर राहिलेलं कर्ज त्यातून फिटू शकतं.

आता विमा. मालक वारला की गाडीची पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोवरच चालते. तोवर ती वारसाच्या नावावर करून घ्यायची. नाही केली, आणि पोरानं कोणाला धडक दिली, तर भरपाईचा दावा घरावर येतो आणि कंपनी हात वर करू शकते.

आणखी एक. मालक स्वतःची गाडी चालवताना अपघातात गेला असेल, त्याच्याकडं लायसन्स असेल, आणि पॉलिसीत ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ असा हप्ता भरलेला असेल, तर १५ लाख रुपये मिळतात. पंधरा लाख! पॉलिसी रद्दीत टाकण्याआधी ही एक ओळ कोणाकडून तरी वाचून घ्या.

ज्यांचे मालक सुखरूप आहेत त्यांच्यासाठीही काम आहे. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं, जुन्या गाडीवरसुद्धा, परिवहनच्या वेबसाइटवरून. मग पुढं नावावर करणं सोपं जातं. नवीन गाडी घेणाऱ्यांनी शोरूममध्येच तो रकाना भरून घ्यावा. विक्रेता घाईत असतो, तो कोराच सोडतो.